एक जूनची नोंद

५ जानेवारी, सोमवार
ठण्. मी शिकवायचो त्या पारशिवनीच्या शाळेत कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई हातोडी मारायचा आणि आवाज विरेपर्यंत पोरं गप्प. मग चौथीचा अख्खा वर्ग एका सुरात पाखरांची कविता म्हणायचा. आज तोच आवाज ऐकून उठलो. पाहतो तर गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत होता.
लेकाचा, संजूचा, बेकारी भत्त्याचा अर्ज भरून तीन महिने झाले. मोबाइलवर रोज तेच, 'प्रलंबित'. किती मंजुळ शब्द. कवितेत एखाद्या वेलीला शोभला असता.

८ जाने.
भत्ता देणाऱ्या कामगार विमा कार्यालयात मीच गेलो. कंपनी बंद पडल्यापासून सं.ला खिडकीपुढे उभं राहायची लाज वाटते. बाबू म्हणाला, जन्मतारीख जुळून नाही राहिली. कंपनीत शाळेच्या दाखल्यावरून १ जून, आधारवर ९ नोव्हेंबर.
"काका, एक मानूस दोनदा कसा जन्मला?"
रांगेतले हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर घाम फुटला, जानेवारीत.

९ जाने.
इथे तरी लिहावं. ती तारीख माझ्या हातची. पोराला पहिलीत बसवायला पाच महिने कमी पडत होते, आणि दाखल रजिस्टर माझ्याच ताब्यात. तेव्हा सगळेच गुरुजी तसं करत, अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं. कुमुद म्हणाली होती, "काहून जी, लेकराच्या जन्मातबी लबाडी?" पुढे आधार काढताना तिनं खरी तारीख सांगितली. ती गेली, तारखा राहिल्या. दोघं मिळून खोटं बोललो असतो तर भत्ता कधीच मिळाला असता.

१२ जाने.
बाबूनं दोन वाटा सांगितल्या. कंपनीचं पत्र, नाहीतर शाळेचा दुरुस्त उतारा. तीस तारखेच्या आत, एरवी अर्ज बाद. कंपनीच्या फाटकाला कुलूप. आत एक कुत्रं भुंकत होतं. तेवढंच कामावर राहिलेलं.
जेवताना सं. म्हणाला, हैदराबादेत गोदामावर राखणदाराचं काम आहे, सत्तावीसची गाडी. त्रेचाळीस वर्षांचा फिटर, राखणदार. मी म्हटलं, थोडा थांब.
"कोनाच्या भरोशावर थांबू, बाबा?"
भाजी वाढून घेतली. भूक नव्हती.

१४ जाने.
संक्रांत. आभाळभर पतंग. सं. छतावर गेला नाही. तिळगूळ हातात घेऊन म्हणाला, "आईनंच चुकीची तारीख सांगितली असन. तिले तारखा कुठी आठवत होत्या." भिंतीवर कुमुदचा फोटो. मी...
गूळ कडू लागला असं लिहिणार होतो. गूळ चांगला होता.

१६ जाने., शुक्रवार
एसटीनं पारशिवनी. कडुनिंब नाही, रूळ नाही, बटण दाबलं की घंटा. मुख्याध्यापिका कोण, तर वंदना, माझीच विद्यार्थिनी. पाखरांची कविता पाठ नव्हती म्हणून मी तिला तासभर दारात उभं केलं होतं. मी विसरलो होतो.
"दार तेच हाय, गुरुजी," हसून म्हणाली. चहा मागवला.
मग काम. जुनं रजिस्टर शोधावं लागेल. दुरुस्तीसाठी, ज्यानं नोंद केली त्यानं स्वतः लिहून द्यायचं की चूक माझी.
"नोंद कोनाच्या हातची हाय, गुरुजी?"
आठवत नाही, म्हणालो.
परतीच्या बसमध्ये अख्खी कविता आठवली. एक कडवं चुकलं नाही.

२२ जाने.
शाळेचा फोन लागत नाही. विमा कार्यालयात संगणक बंद. देशाची घडी बसवायला निघालेत आणि एका खिडकीला...  जाऊ दे.
सं.च्या खोलीत सांगायला म्हणून गेलो. स्वेटर नेतोस का, एवढंच विचारून परत आलो.

२५ जाने., रविवार
सं. बॅग भरतोय. दार वाजलं. उंबऱ्याबाहेर वंदना, काखेत लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर. सुट्टीच्या दिवशी, एसटीनं, एकटी. मला आत ये म्हणायचंही सुचलं नाही. तिनं तिथेच फडकं सोडलं, पान उघडलं. काळी शाई, माझा टाक, '१ जून'. वळण अजून सुरेख.
"तुमचं अक्षर मी कुठंबी ओळखीन, गुरुजी. फळ्यावरून तेच गिरवलं. आठ दिवस वाट पाहिली तुमची." मग हळू आवाजात, "लिहून द्या. उद्या झेंडावंदनाले शाळा उघडतेच, शिक्का मारून देते."
चष्मा आणतो म्हणून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. समोर कोरा कागद, आणि मी लिहितोय या वहीत.
बाहेर सं.चा आवाज. "कोन पाहिजे, मॅडम? काय काम होतं?"
तिनं नाव सांगितलं, शाळा सांगितली. कामाचं नाही सांगितलं.
"गुरुजी सांगतील," म्हणाली.
सं.ची पावलं इकडेच