दुसरीची पावलं

३ मार्च, सोमवार

पोचले बाई एकदाची! दोन बॅगा, एक गादी आणि हे माझे कुरकुरणारे गुडघे घेऊन. खोली स्टुडिओच्या वरच आहे, जिना उतरला की कामावर हजर. खिडकीतून समोरचा इस्त्रीवाला दिसतो, दुपारपर्यंत ऊन येतं, नळाला पाणी आहे. आणखी काय हवं? ताईला फोन केला, तर म्हणाली, आता तरी एका जागी टिक.

कामही गमतीचं आहे. सिनेमाचं शूटिंग होतं तेव्हा पावलांचे आवाज नीट येत नाहीत. म्हणून नंतर कुणीतरी पडद्याकडे बघत, त्याच तालात, फरशीवर नाहीतर लाकडी फळीवर चालायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. सगळी उमर नाचाच्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत गेली. आता तर पडद्यावर मी नाहीच, नुसते पाय. बढतीच म्हणायची!

रेकॉर्डिंग करणारा माणूस काचेपलीकडे बसतो. हेडफोन लावून डोळे मिटले की त्याला जगाचं भान नसतं. मी त्याचं नाव ठेवलंय कानसेन. मनातल्या मनात, अर्थात.

६ मार्च, गुरुवार

सिनेमा छोटासाच आहे, घाबरवणारा. एक नवरा, एक बायको आणि एक दुसरी. दोघी त्या एका माणसापायी वेड्या झालेल्या. बायकोची पावलं माझ्या आधीच्या बाईने चालून ठेवलीत, पण ती काम अर्धवट टाकून गेली. माझ्याकडे दुसरीची पावलं आली. शेवटी पडदा काळा होतो आणि अंधारात एकीचीच पावलं ऐकू येतात. कुणाची, ते अजून ठरलेलं नाही. कानसेन म्हणाला, जिची जास्त खरी वाटतील तिची.

मधल्या सुट्टीत त्याने स्वतः चहा आणून दिला. माझे गुडघे दुखतात हे त्याला माझ्या चालण्यावरून कळलं म्हणे. बसायला कोपऱ्यात एक चटई टाकून दिली. इतक्या वर्षांत माझ्या गुडघ्यांची चौकशी कुणी केली नव्हती. नवऱ्याने तर नाहीच, त्याला दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्यांची काळजी होती. तर मी वेडी दिवसभर त्या चटईवर खूश.

११ मार्च, मंगळवार

आज आधीच्या बाईची पावलं ऐकली. हलकी टाच, आणि डावा पाय किंचित घासत टाकायची. कानसेन ती डोळे मिटून, जिवाचा कान करून ऐकतो. गालात हसतो. माझी पावलं ऐकताना मात्र डोळे उघडे, लक्ष मशीनवर.

कशी होती ती, म्हणून सहज विचारलं. खरी होती, म्हणाला. बस, एवढंच. मग आम्ही काय खोट्या?

झाडू मारायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, गेली ती चपला न घेताच गेली, त्या बघा अजून फळीखाली पडल्यात. शिवाय असंही म्हणाल्या, की तीसुद्धा आल्या आल्या तिच्या आधीच्या बाईचीच चौकशी करायची. मी हसण्यावारी नेलं. अनवाणी कोण घरी जातं?

१८ मार्च, मंगळवार

डावा पाय घासत चालायची सवय करतेय. तिच्या चपला घातल्या. लहान होतात, टाचा सोलवटून निघाल्या. पण आज पहिल्यांदा कानसेनने माझ्या चालण्यावर डोळे मिटले! म्हणाला, अगदी तिच्यासारखी.

पोरीसारखी उड्या मारत वर आले. या वयात हे कसले थेर! आणि मग रडत बसले. तिच्यासारखी. माझ्यासारखी कधी? फार थकायला होतं या माणसापायी.

२१ मार्च, शुक्रवार

मी थांबले की हेडफोनमध्ये एक पाऊल जास्त पडतं. आधी वाटलं, कानात दोष. परत चालले, परत थांबले. परत एक पाऊल जास्त.

त्याला सांगितलं. राहू दे, छान वाटतंय, म्हणाला.

२४ मार्च, सोमवार

पुसून टाकलं. तो जेवायला गेला होता. तिची सगळी पावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक बटण दाबून. हो, मीच. आता शेवटी माझीच वाजतील.

तो आला. मशीन बघितलं. मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. त्याने नुसते हेडफोन लावले, डोळे मिटले.

हसला.

मी दुसरे हेडफोन कानाला लावले. माझी पावलं होती. आणि त्यांच्या मागे, अगदी तालात, डावा पाय घासत —

२६ मार्च, बुधवार

ताई म्हणतेय, लगेच निघून ये. बॅग भरली. जिना उतरले. स्टुडिओच्या दाराशी येऊन उभी राहिले, तशीच.

मी गेले तर शेवट तिला मिळेल. जाऊ दे ना बाई, मिळू दे! किती वेळा स्वतःला सांगितलं. नाही जाववत.

मावशींनी फळीखाली झाडू घालणं बंद केलंय.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटचा सीन. चटईवर बसून लिहितेय. चपला काढून शेजारी ठेवल्यात, पाय टेकवत नाही. कानसेन म्हणाला, जरा बसून घे. दार उघडंच आहे. त्यानेच ठेवलंय. हवं तर जा, म्हणाला.

पडदा काळा झाला. लाल दिवा लागला. पण मी तर बसलेय —

पावलं. लाकडावर. डावा पाय घासत.

ओरडून सांगितलं, ही मी नाही! त्याने ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून.

डोळे मिटलेत त्याने. हसतोय. माझ्यासाठी असा कधी —

चपला इथेच ठेवल्या होत्या. शेजारी. नाहीत.

थांबली. माझ्या पाठीशी. मागे बघणार नाही.

त्याने डोळे उघडले. छान म्हणून अंगठा उंचावला. मला नाही. माझ्या डोक्यावरून, मागे कुणाला तरी —

नाही. शेवट तिचा नाही. मी उठतेय. अनवाणीच. एकदा तरी पुढच्या रांगे