हातखंबाकोकम डॉट कॉम

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सापडलं! वेबसाइटचं नाव सापडलं, आणि मी स्वतः शोधलं!

रत्नागिरीच्या ऑनलाइन विक्रीच्या वर्गातले सर म्हणाले होते, दुकानाला हवं ते नाव द्या, वेबसाइटला मात्र गिऱ्हाईक गूगलवर काय लिहितं ते बघून द्या. नुसत्या नावाने पहिला नंबर लागत नाही, आतला मजकूरही चांगला हवा — पण यादीत ओळखीचा शब्द दिसला की माणूस तिथेच बोट ठेवतो. बाकीच्या बायकांनी घरबसल्या नावं काढली. मी हातखंब्याला हायवेवरच्या आमच्या टपरीत तीन दिवस वही घेऊन बसले. सरबत प्यायला थांबलेल्या प्रत्येकाला विचारलं — आमचं कोकम पुन्हा हवं झालं तर फोनमध्ये काय लिहाल?

त्रेसष्ट माणसं! त्यांतल्या चौघांनाच आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस हे ठाऊक. रत्नागिरी कोकम म्हणणारे बरेच, पण त्या नावाला आधीच ही गर्दी. आणि एकोणतीस जणांनी काय सांगावं? "हातखंब्याला थांबलो होतो ना, तिथलं कोकम." लगेच पाहिलं — हातखंबाकोकम डॉट कॉम मोकळं आहे! सर म्हणाले, "मला नसतं सुचलं हे." दोनदा म्हणाले. शिवाय बजावलं, विकत घेईपर्यंत कुणापाशी बोलू नका.

१४ एप्रिल

ह्यांचा मुंबईहून फोन. नाव आवडलं नाही. टपरी आप्पांनी घातली, मग वेबसाइटलाही आप्पांचंच नाव हवं. अहो, मामंजी गेल्याला नऊ वर्षं झाली, टपरीच्या पाटीवर ते आहेतच. पुण्याचा माणूस गूगलवर "आप्पा" लिहून कोकम शोधणार आहे का? आगळ आई आणि मी काढतो. घर ह्यांच्या नावावर, बाग ह्यांच्या नावावर. एक नाव तरी मी शोधलेलं असू दे की!

शेवटी म्हणाले, आई सांगेल ते. आई अंगणात कोकमं फोडत होत्या, हात मनगटापर्यंत लाल. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देवाला इचारू."

१५ एप्रिल

सोमवारी कौल. वेबसाइटच्या नावासाठी देवाला कौल लावणारी जिल्ह्यात मी पहिलीच असेन. हसू येतंय.

२१ एप्रिल, सोमवार

उजवा!! उजवा कौल!

गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार. मग गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ह्या सुनेनं हातखंबाकोकम डॉट कॉम ह्या नाव काढलान हाय..." एक अक्षर चुकले नाहीत! सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" टपरीसमोरचा उसाचा रस विकणारा लवू तर सगळ्यांत मोठ्याने. पाकळी पडेपर्यंत श्वास घेतला नाही मी. पडली, उजवीकडचीच. मी शोधलेलं नाव देवाच्या कानावर गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो. लिहून ठेवते.

ह्यांना फोन केला. "बरं, रविवारी येतो तेव्हा बघू."

२३ एप्रिल

रविवारपर्यंत वाट कशाला बघायची, म्हणून नाव घ्यायला बसले. गेलं. कुणीतरी घेतलं! दहा दिवसांपूर्वी मोकळं होतं.

सर म्हणाले होते बोलू नका. आणि मी अख्ख्या वाडीसमोर वदवून घेतलं, तेही गुरवांच्या तोंडून! मूर्ख बाई. आईंना सांगितलं तर मान हलवली आणि कोकमं उन्हात पसरायला गेल्या. रडले.

२४ एप्रिल

लवूच असणार. दुसरं कोण? त्याची मुलं दिवसभर मोबाइलवर. सकाळी विचारत होता, "वैनी, बरा वाटत न्हाय काय?" मी तोंड फिरवलं.

पण ती वही माझी आहे. त्रेसष्ट माणसं माझी आहेत. ती कुणी विकत घेऊ शकत नाही.

२७ एप्रिल, रविवार

हे आले. सगळं ऐकल्यावर म्हणाले, देवालाच मान्य नव्हतं, आता आप्पांचंच घेऊ. आई उठल्या. पोह्यांच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. नाव घेतल्याची पावती! त्यांच्या भावाची नात नम्रता दापोलीला शिकते, तिच्याकडून आईंनीच घेतलंय. मालक म्हणून माझं नाव. योगिनी.

ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तू समोर असताना द्यायचा म्हणून थांबले. माज्या नावावर कंदी काय न्हवता. ह्या हिच्या नावावर ऱ्हाऊदे."

लवूवर संशय घेतल्याची मला आता लाज वाटते, उद्या त्याच्याकडे जाणार.

मग पावतीवरची तारीख वाचली. २० एप्रिल. कौलाच्या आदल्या दिवशीची!

"आई, डावा पडला असता तर?"

"देवाला मी समजावला असता," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या.