मागच्या गल्लीतली काच

पालेर्मो, ४ मार्च

चि. गास्पारेस ओलिवाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तोरीनोत बसून तू आमच्या बाजारासाठी आखलेला कारखाना सगळ्यांनी नकाशात पाहिला. संत्र्यांच्या साली, आर्टिचोकचे देठ, सगळ्याचा कागद होणार आणि तोही काचेच्या भिंतीआड, सर्वांदेखत. मासेवाला मिमो म्हणतो, भांग पाडायची सोय झाली. त्याच्या डोक्यावर केस किती, ते तुला ठाऊकच आहे.

एकच मागणं. मागच्या गल्लीकडे साधी भिंत घाल. बाजार उठताना भाजीवाले तिथे उरलेल्या पेट्या ठेवतात आणि पाठ फिरवून उभे राहतात. मग म्हाताऱ्या बाया येऊन वेचून नेतात. कोणी कोणाकडे बघत नाही, ही तिथली रीत. आपली शेजारीण निन्फामावशी, जिने तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तीही जाते. मला हे ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही.

जेवत जा वेळेवर. आठवण असू दे.
तुझी ओलिवाआत्या

तोरीनो, १५ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून गलबलून आलं. पण आत्या, काच काढली तर कारखान्यात उरलं काय? टाकाऊ मालाची कोणाला लाज वाटू नये, म्हणूनच तर हा खटाटोप. मी तोड काढली आहे. मागच्या दाराशी बाक, दिवा आणि पाटी: ‘हवं ते घ्या, मोफत.’ मावशीला आता वाकावंही लागणार नाही. तिला माझा एक पापा दे.

तुझ्या मायेचा भुकेला,
गास्पारे

पालेर्मो, २८ नोव्हेंबर

चि. गास्पारेस आशीर्वाद.

निन्फा मंगळवारी गेली.

कारखाना उघडला त्या आठवड्यात ती नेहमीसारखी गल्लीत गेली होती. आतले पाहुणे काचेतून तिच्याकडे बघून हसले, एकाने फोटो काढला. चांगल्या मनानेच हसले असतील. तिने उचललेले आर्टिचोक परत पेटीत ठेवले आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही. मी ताट नेलं की म्हणायची, आत्ताच जेवले गं, तडस लागली आहे. शेगडीवर भांडं उकळत असायचं. त्यात नुसतं पाणी असायचं, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, थंडी छातीत बसली. मी म्हणते, थंडीशी भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. काल अख्खा बाजार तिच्या दारात पेट्या ठेवून गेला. सगळा पहिल्या निवडीचा माल, एक डाग नाही. घरात खाणारं कोणी नव्हतं. मिमो जिन्यावर बसून रडला.

रागावले नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? रागावले आहे. तू तिचं वाईट चिंतलं नाहीस, हेही जाणते. रविवारी तिच्यासाठी प्रार्थना आहे. तिला मूलबाळ नाही. मुलाच्या जागी उभं राहायला कोणीतरी हवं. तू ये.

रागातही लोभ आटलेला नाही.
तुझी आत्या