आईचं धारणं-पारणं

शुक्रवार पेठ, सोलापूर
आषाढ शुद्ध दशमी

ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. पुढं ‘इकडील सर्व कुशल’ लिहायला हात गेला आणि थांबला. इकडं कुशल नाही. तिकडचं मला कोण कळवणार?

आज पत्र लिहिते त्याला कारण तसंच आहे. उद्या आषाढी एकादशी. उद्या सकाळी भटजी येतील आणि वहिनी तुझा नेम उचलतील. तेच धारणं-पारणं, एक दिवस उपास, एक दिवस जेवण, थेट कार्तिकापर्यंत. दादानं मला मुद्दाम मंगळवेढ्याहून बोलावून घेतलंय. आईचा नेम घरात पुन्हा सुरू होतोय, तू हवीसच, असा निरोप होता. काल मोटारीतून उतरले, उंबऱ्यात पाऊल टाकलं, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आल्या आणि माझे पाय तिथंच खिळले. तूच आलीस असं वाटलं गं! तीच वर आलेली गळ्याची हाडं, तसेच उतरलेले खांदे, गालांवर तसाच लाल रंग.

तू त्यांना पाहिलं नाहीस. तू गेल्यावर दादाचं लग्न झालं. अक्कलकोटकडची मुलगी, बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकायची आणि स्वतःच हसायची. तुला आवडली असती. आता ती हसत नाही. हसलं की खोकला येतो.

आणि गल्लीला काय कौतुक! समोरच्या गोदाकाकू काल ओटीवर बसून दादाला सांगत होत्या की सूनबाईंच्या चेहऱ्यावर आतापासूनच सासूचं तेज आलंय. दादाची छाती फुगली. मी आत चुलीपाशी होते. हातातलं उलथनं त्या बाईच्या अंगावर भिरकावून द्यावं असं वाटलं, खरं सांगते.

तेज! हा शब्द मी तुझ्या वेळेला किती ऐकला, आठवतं का तुला? तू वाळत गेलीस, लोक वाकत गेले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तशी तू त्या दोऱ्यानं बांधून ठेवल्यास, आणि बायका म्हणाल्या, बघा, देहाची शुद्ध नाही माउलीला. वळसंगची तुळसा शेळीचं दूध घालायला यायची, ती चरवी खाली ठेवून आधी तुझ्या पायावर डोकं ठेवायची. म्हणायची, ‘‘बाईंच्या तोंडावर लई तेज हाय की!’’ तिच्यासारख्या साध्या बाईला काय बोल लावायचा? आपल्या घरात वर्तमानपत्र येत होतं, अप्पा गिरणीच्या कचेरीत इंग्रजीत पत्रव्यवहार करत होते, आणि त्यांनाही तेजच दिसत होतं.

ताप होता तो, आई. संध्याकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या सुमारास तुझे गाल रंगायचे, डोळे चमकायचे, आणि तू तुळशीपुढं दिवा लावायला यायचीस. त्या वेळेला तू फार सुंदर दिसायचीस. मलाही वाटायचं, आपली आई देवासारखी दिसते.

पाणी तापवायच्या बंबात तू चिंध्या जाळायचीस. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस वातींचं जुनं कापड आहे, आणि मला दळण आणायला पिटाळलंस. खोकला आला की पदर तोंडात धरून परसात जायचीस. किती हुशार होतीस गं! ती हुशारी जरा स्वतःसाठी वापरली असतीस तर काय बिघडलं असतं?

कार्तिकात तुझं उद्यापन झालं. मेहुणं जेवायला बसवलंस, स्वतः वाढलंस. माघात माझं लग्न. मांडवात आलेल्या बायका आधी तुझ्या पाया पडायच्या आणि मग माझी ओटी भरायच्या. मला सासरच्या गाडीत बसवून दिलंस, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं नाहीस. मी मनात रागावले. गाडी वळल्यावर तू जोत्यावरच खाली बसलीस आणि अप्पांनी उचलून आत नेलं, हे मला फार मागाहून कळलं.

चैत्रात मला बोलावणं आलं तेव्हा तू अंथरुणाला खिळली होतीस. अप्पांनी दवाखान्यातले डॉक्टर आणले होते. त्यांनी तुझ्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, जेवण कसं आहे? अप्पांनी अभिमानानं सांगितलं की चातुर्मासभर दिवसाआड जेवण होतं आणि पुढंही तिनं स्वतः होऊन फारसं काही वाढवलं नाही. डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

‘‘अहो, हा क्षय आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यात पोटात जाईल तेच औषध. दूध, तूप, पोटभर अन्न, मोकळी हवा, निजून राहणं. आणि बाईंना तुम्ही दिवसाआड उपाशी ठेवलंत?’’

अप्पांनी खुंटीवरची टोपी काढून हातात घेतली, परत खुंटीला लावली. डॉक्टरांनी मग मला बाजूला घेऊन सगळं समजावलं. हिची भांडी वेगळी ठेवा, थुंकी झाकणाच्या भांड्यात फिनेल घालून धरा, कपडे उकळून घ्या, खिडक्या उघड्या टाका, लहान मुलं जवळ येऊ देऊ नका. मी सगळं केलं. तू दुधाचा पेला तोंडाला लावायचीस आणि तसाच खाली ठेवायचीस.

आणि मग ती दुपार. अप्पा कचेरीत, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मी तुझ्यावर चिडले होते. आजाऱ्यावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडले. म्हटलं, कसला देव मिळाला तुला त्या नेमात? तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या कानातून आजवर गेलेलं नाही.

‘‘नेम कसला गं? घासच गिळवत नव्हता. नेम घेतला की कुणी जेव म्हणून मागं लागत नाही. आणि क्षयाच्या घरची मुलगी कुणी केली असती?’’

म्हणजे तुला ठाऊक होतं. आषाढापासून ठाऊक होतं. माझ्या अंगावर अक्षता पडेपर्यंत तू नेमाच्या पडद्याआड बसून राहिलीस. आई, मला विचारायचं तरी होतंस! मी बिनलग्नाची राहिले असते. शाळेत शिकवलं असतं, तुझ्या उशाशी बसले असते. माझ्या संसाराची किंमत अशी कशी मोजलीस तुझ्या श्वासांनी? मी कुणाशी भांडू आता?

त्याच दुपारी माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून तू शपथ घातलीस. हा रोग कुणाला सांगायचा नाही. माझ्या सासरी नाही, दादालासुद्धा नाही, त्याचं अजून लग्न व्हायचंय. वैशाखात तू गेलीस. दादा पुण्याहून कॉलेज सोडून धावत आला, तेव्हा अप्पांनी त्याला सांगितलं की उपासांनी देह झिजला. दादानं ते खरं मानलं. बिचाऱ्यानं का मानू नये? तेव्हापासून तो शाळेत शिकवतो तिथं मुलांना, देवळात म्हाताऱ्यांना, येईल त्याला सांगतो की आमच्या आईनं व्रतात देह ठेवला.

मग अप्पा खोकत खोकत गेले. लोक म्हणाले, गिरणीतल्या कापसाचं हे, दुसरं काय. त्यांचं सगळं वहिनींनी केलं. त्यांची थुंकी काढली, अंथरूण धुतलं, त्यांच्याच वाटीत उरलेलं दूध वाया जाऊ नये म्हणून प्यायल्या. हे मला आत्ता कळलं. दादानंच कौतुकानं सांगितलं.

आज सकाळी वहिनी ताक घुसळत होत्या. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या मुलीच्या, कुसुमच्या, शाळेचं सांगितलं. मग विचारलं, वहिनी, भूक लागते का तुम्हाला? त्यांचा हात थांबला. 

‘‘वन्सं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नेम घेतला म्हणजे कुणी ताटात डोकावत नाही. चार महिने तरी निभतील.’’

मी त्यांच्या कमरेचा पदर ओढला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला, पण मला दिसायचं ते दिसलं. सुकलेला, तांबूस डाग. तुझ्यासारखाच चुरगाळून आत खोचलेला. कशासाठी हे, म्हणून मी विचारलं. त्यांनी अंगणाकडं बोट केलं. तिथं त्यांची मुलगी यमी बाहुलीचं लग्न लावत होती. आई, हा नेम तू त्यांना शिकवला नाहीस. तू त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतंस!

उशीर झालाय, हे मला कळतंय. तो डाग मी ओळखते. डॉक्टर आता काय सांगतील तेही जवळजवळ पाठ आहे. दुधाच्या पेल्यानं तू परत आली नाहीस, वहिनी येतील असं मनात धरायलासुद्धा भीती वाटते. आणि उद्यापासून त्या दिवसाआड उपाशी राहणार, गल्ली पाया पडणार, दादा सुपारी धरून शेजारी बसणार. वहिनींनी तुझंच नाव पुढं केलंय, त्यामुळं त्यांना कुणी अडवणारही नाही.

मी बोलले तर काय होईल तेही जाणते. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत पसरेल, आठवड्याच्या आत मंगळवेढ्याला पोचेल. माझ्या सासूबाई आधी माझं ताट वेगळं करतील. माझी कुसुम वाढायला लागलीय. क्षयाच्या आजोळची म्हणून तिला बघायला कोण येईल? दादा तर माझं तोंड बघणार नाही. त्याची देवासारखी आई मी त्याच्या डोळ्यांदेखत काढून घेणार आहे. तुझ्या जागी बसल्यावर तुझी भीती किती मोठी होती ते कळतं गं. पण म्हणून मी तुला क्षमा केली असं समजू नकोस.

शाळा सुटलीय. दादा एवढ्यात येईल. तो पाय धुऊन माजघरात आला की यमीला गोदाकाकूंकडं पाठवीन आणि त्याला समोर बसवून पहिल्यापासून सगळं सांगीन. रोगाचं नाव घेऊन सांगीन, गल्लीला ऐकू गेलं तरी. उद्या एकादशी असली तरी वहिनींपुढं गरम भात आणि तूप वाढीन, आणि त्या जेवेपर्यंत समोरून हलणार नाही. भटजी आले तर त्यांना दारातून परत लावीन आणि डॉक्टरांना बोलावीन. जो हात डोक्यावर ठेवून तू शपथ घातलीस त्याच हातानं हे सगळं करणार आहे. एवढं वचन तुला देते, तुझं मोडून.

दाराची कडी वाजली. दादा आलाय.

तुझी,
शपथ न पाळणारी लेक
सुंदरा