ताटातला पहिला घास

सांगली,
ऑक्टोबर १९४६

प्रिय मनू,

तुझं पत्र येऊन कधीचं पडलंय, पण उत्तराला हात वळत नव्हता. कॉलेजात शिकवून घसा बसतो, आम्हा जैनांना दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून घरी धावत यायचं, आणि मग अंगात त्राण उरत नाही. साताऱ्याच्या वसतिगृहात तू म्हणायचीस, गुणा, तू जन्मतःच दमलेली आहेस. आता खरंच दमले गं.

या आठवड्यात फ्रान्सची राणी कॅथरीन शिकवली, चारशे वर्षांपूर्वीची. व्यापाऱ्याच्या घराण्यातली म्हणून दरबारानं नाकं मुरडली. नवरा गेला, मुलं लहान, मग राज्याचा गाडा हिनंच ओढला. दुसऱ्या एका राणीला विषारी हातमोजे देऊन मारलं, असं लोक म्हणत. ती बाई बहुधा आजारानंच गेली. नवऱ्यामागं जन्मभर काळे कपडे घातले, तर लोक म्हणाले, तेही ढोंग. पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तीत हिचा हात किती, यावर पंडित अजून भांडतात, आणि ती कत्तल मलाही माफ करवत नाही. पण वर्गातली पोरं विषावरच खिदळत होती. तुझा लेक लालासाहेब तेवढा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

मला तू आठवलीस. तुझे यजमान हंबीरराव इटलीच्या लढाईत गेले, वर्षभरात तुझे दीर पटकीनं गेले. डॉक्टरांनी सांगूनही तुझी जाऊ कोरेगावभर बोलत सुटली, थोरलीनं जेवणातून विष घातलं म्हणून. एकटीनं ऊस उभा केलास, त्याचं कुणाला काही नाही.

जूनपासून लाला माझ्याकडे राहतो. मी पहिला घास घेतल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. मला वाटायचं, मावशीचा मान ठेवतो. कॅथरीन शिकवली त्या संध्याकाळी मी वाढून कामात गुंतले, दिवस बुडत आला तरी हा तसाच बसलेला. मी वैतागून म्हटलं, विष घातलंय का रे मी? म्हटलं आणि जीभ चावली. तो हळूच म्हणाला, “मावशी, आई समद्यांदेखत माज्या ताटातला पयला घास खाती, मगच मला जेवू देती. आता कुणी आधी खाल्लं न्हाई, तर माज्या घशाखाली उतरतच न्हाई. दिवाळीला मी हितंच ऱ्हातो.”

मनू, सगळ्यांच्या मागून चुलीपाशी जेवणारी तू, लेकाच्या ताटात हात घालतेस ते लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. झाली का ती? उलट जाऊ म्हणत असेल, मनात काही नसतं तर चाखून कशाला दाखवलं असतं! आणि पोर मात्र आईच्या हातच्या अन्नाला भ्यायला शिकलं. मला फार राग आला, लोकांचा आणि तुझाही.

म्हणून हे लिहितेय. त्याला समजावलंय, धनत्रयोदशीला गाडीत बसवून देते. त्याला ताट वाढ आणि समोर बस. जाऊ बघत असली तर बघू दे. तो थांबेल, बराच वेळ थांबेल. तूही थांब. जीव कासावीस होईल तुझा, पण त्याच्या ताटात हात घालू नकोस.

तुझीच,
गुणमाला