होडीवाल्याचं नाव

फरीज बिन ओमरान, दोहा

जज टायरेल साहेब,

तुम्हाला जाऊन ऐंशी वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पोचायचं नाही. तरी लिहिते.

तुमची पणती डब्लिनमध्ये तुमचं चरित्र लिहितेय. रत्नागिरीत इंग्रज सरकारला हव्या असलेल्या एका फरारी माणसाला होडीतून खाडीपार नेलं, म्हणून तुम्ही माझ्या पणजोबांना अंदमानला धाडलंत. जन्मठेपेऐवजी सातच वर्षं दिलीत, त्या दयेबद्दल तिला आमच्या घरच्यांकडून दोन ओळी हव्या आहेत.

"लिहून टाक ना अम्मी," ऑफिसला निघताना इरशाद म्हणाला. "शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. खलास!"

साहेब, मी तुमच्या आयर्लंडवर प्रेम करत वाढले. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या आयरिश सिस्टर ब्रीजिड दुष्काळात ओसाड पडलेल्या आपल्या गावाबद्दल सांगताना रडायच्या, आणि मग डोळे पुसून आम्हाला तिथली गाणी शिकवायच्या. भाजी चिरताना अजून ती माझ्या ओठांवर येतात.

तुम्हीही तिथे वकील असताना घराबाहेर काढलेल्या कुळांसाठी फुकट लढलात, असं तुमची पणती लिहिते. म्हणजे इंग्रजांचा जुलूम तुम्हाला ठाऊक होता. म्हणूनच तुम्हाला माफी नाही.

पणजोबा तिसऱ्या वर्षी अंदमानातच गेले. तुमच्या पणतीच्या पुस्तकात ते नुसते 'एक होडीवाला' आहेत. मी तिला एकच ओळ पाठवली: त्यांचं नाव दाऊद तांडेल होतं, आणि आम्ही आभारी नाही.

"अम्मी, फारच कडक झालं हे," इरशाद म्हणाला.

"खरं बोलायला सिस्टर ब्रीजिडनीच शिकवलंय," मी म्हटलं.

दाऊद तांडेल यांची पणती,
जैतून