डावा तांबडा, उजवा हिरवा

भटवाडी, घाटकोपर
गुरुवार, सकाळ

प्रिय सुयोग,

अनेक आशीर्वाद. रोज फोनवर बोलणाऱ्या मामाला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तो तुझा दोष नाही, वयाचा आहे. पण मला कोणी मध्ये तोडलं की पुढचं सुचत नाही. म्हणून पहाटेची पाळी संपवून आलो, अंघोळ-पूजा उरकली आणि खिडकीशी बसलो. मामी बाजारात गेली आहे. आमची श्रुतिका उद्या तुझा टॅब परत द्यायला बोरिवलीला येईल, तेव्हा हे पत्र तुझ्या हातात देईल. यात काय आहे ते तिला ठाऊक नाही. तू एकट्याने वाच.

सोमवारी विमान कंपनीत तुझी निवडचाचणी. दिवसभर संगणकावरच्या परीक्षा, मग गटचर्चा, मग मुलाखत, आणि त्यातून निभावलास की वैद्यकीय तपासणी, मग वैमानिकाचं शिक्षण. हे सगळं आता मलाही पाठ झालं आहे. तुमच्या घरी भावोजींचा टीव्ही बंद होत नाही म्हणून तू अभ्यासाला आमच्याकडे यायला लागलास, आणि तेव्हापासून या घरात दुसरा विषयच नाही. मामी भाजी चिरतानासुद्धा तुला विचारते, "तुमचा स्वभाव एका शब्दात सांगा," आणि तू म्हणतोस, "भुकेला."

मागच्या शनिवारी आमच्या भजनी मंडळाला तू कामाला लावलंस, त्याची चर्चा अजून चालू आहे. भजन संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून तू विषय दिलास: विमान वाळवंटात उतरलं आहे, पाचच वस्तू सोबत घेता येतील, कोणत्या घ्याल? मी आयुष्यभर महापालिकेच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या, त्यामुळे पखवाजवाले धोंडिरामबुवा लगेच म्हणाले, "पाणी सोडून बोला. चावीवाला आपल्यातच बसलाय, पाण्याची कसली चिंता!" विमलाकाकूंना यादीतला आरसा कशाला ते कळेना. लांबच्या विमानाला चमक दाखवायला, असं तू सांगितलंस, तर म्हणाल्या, "अगो बाई, मला वाटलं त्या हवाईसुंदरीचा राहिलाय." मग जे भांडण जुंपलं! तू मात्र कोणाला तोडलं नाहीस, आवाज चढवला नाहीस, आणि जे कोपऱ्यात गप्प होते त्यांना एकेक करून बोलतं केलंस. जिना उतरताना बुवा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिवदास, हा पोरगा विमान नेणार रे. आमच्यासारख्यांना त्याने एका दिशेला नेलं." त्या दिवशी माझी छाती फुगली. आता कोणी तेच वाक्य काढलं की मी विषय बदलतो.

तू लहान होतास तेव्हा ताई तुला सुट्टीत आमच्याकडे ठेवायची. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. तू टाकीच्या कठड्याला टेकून बसायचास आणि जेवायला हाक मारली तरी "अजून एक, मामा, फक्त एक" म्हणायचास. पुढे आठवी-नववीत असताना एका संध्याकाळी तू मला शिकवलंस की विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा, त्यावरून ते येतंय की जातंय ते कळतं. मी मान हलवली. मला दोन्ही टोकांना एकाच जातीचे दिवे दिसत होते. मनात म्हटलं, आपले डोळे असेच, पोराला दिसत असेल. तेव्हा तुला काय दिसत होतं, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकात वाचलं आहे म्हणजे दिसतंच आहे, असं तुला वाटलं असेल का रे?

आता रविवारचं. टॅबवरचा तो चौकोनांचा खेळ तुला आठवतच असेल, कारण बाकी सगळ्यांत तू वर आणि तेवढ्यात सारखा खाली जात होतास. डाव्या हाताने जॉयस्टिक धरून ठिपका वर्तुळात ठेवायचा, उजव्या हाताने बटणं दाबायची. तांबडा चौकोन आला की एक बटण, हिरवा आला की दुसरं, तपकिरी आला की सोडून द्यायचा. तू वैतागून म्हणालास, "हे ॲपच डब्बा आहे." श्रुतिका पलंगावर चिवडा खात बसली होती. ती ओरडली, "दादा, वाट लावलीस! तपकिरीवर कशाला मारतोस? रंगांधळा आहेस का रे?" तू म्हणालास, "गप गं, जास्त शहाणी. तू करून दाखव." तिने बटणांचं खरंच करून दाखवलं, एका हाताने, दुसऱ्याने चिवडा खात. मामी हसली, तूही हसलास. मी हसलो नाही हे फक्त तुझ्या लक्षात आलं. काय झालं विचारलंस, मी म्हटलं पित्त झालंय.

मामा रेल्वेत लागणार होता आणि डोळ्यांत नापास झाला, एवढंच तुला माहीत आहे. घरातही सगळ्यांना तेवढंच माहीत आहे. इंजिनावरच्या सहायकाची भरती होती. मी गावच्या शाळेतून आणि मग आयटीआयमधून आलेलो; लेखी परीक्षेत नाव लागलं म्हणून तुझ्या आजोबांनी देवळात नारळ फोडला. मग तपासणीत डॉक्टरांनी एक पुस्तक समोर धरलं. पानभर रंगीत ठिपके. म्हणाले, आकडा वाचा. मला ठिपके दिसत होते, आकडा कुठेच नव्हता. पान उलटलं, तरी तेच. मागे उभा असलेला मुलगा माझी कीव येऊन हळूच आकडे सांगत होता आणि मी मागे वळून बघितलं, की हा नक्की कुठे बघून वाचतो आहे! डॉक्टर वाईट काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुढच्याला बोलावलं.

गावी सगळे धरून चालले की शिवाची नजर कमजोर आहे. तुझ्या आजीने गाजरं खायला घातली, गावदेवीला चांदीचे डोळे वाहिले. मी लांबून येणाऱ्या एसटीची पाटी सगळ्यांच्या आधी वाचायचो, तरी हे कमजोर नजरेचं लक्षण नव्हे असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. लहानपणी कोकमाचे रातांबे काढायला झाडावर चढलो की आई खालून ओरडायची, "तांबडे काढ म्हटलंय मां, हिरवे कित्याक पाडतंस रे!" मला वाटायचं, ती माझी चेष्टा करते. ताई माझी टोपली आधी आपल्याकडे घ्यायची आणि आई बघायच्या आत कच्चे निवडून पाचोळ्यात टाकायची. तिला एका नजरेत कळायचं. आजही मी पूजेसाठी जास्वंद काढतो ती पानाफुलाच्या आकारावरून. ती तांबडी असते हे मला ऐकून माहीत आहे.

तुझ्या डोळ्यांबद्दल म्हणूनच सगळे निर्धास्त राहिले. चष्म्याच्या दुकानात तू अगदी खालची बारीक ओळ घडाघडा वाचलीस तेव्हा भावोजी ताईला म्हणाले होते, "डोळे आमच्याकडचे हो. तुमच्या माहेरचे नाहीत, नशीब माझं!" भावोजी मनाने वाईट नाहीत. पण तुला ताप आला तरी तो ताईच्या माहेरचा, गणितात कमी मार्क पडले तर तेही माहेरचे. ताई हसून पोळ्या लाटत राहते. तिचं ते हसू मी लहानपणापासून ओळखतो. ते हसू नव्हे.

रविवारी श्रुतिका ज्याला तपकिरी म्हणाली, तो चौकोन मलाही तांबडाच दिसला होता. तू बटण दाबायच्या आधी माझं बोट माझ्या मांडीवर दाबलं जात होतं, आणि दर वेळी तू तेच दाबत होतास. चुकत होतो ते आपण दोघे. एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. पन्नाशीला आलो, आणि हे जग मला जसं दिसतं तसंच आणखी कोणाला तरी दिसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुझ्याजवळ सरकून बसावंसं वाटलं. मग तुझ्या हातातली ती जॉयस्टिक दिसली आणि मी होतो तिथेच राहिलो.

मंगळवारी मी मुलुंडला एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. घरी सांगितलं, डोळ्यांत कचरा गेला. त्यांनी तसलीच ठिपक्यांची पानं समोर धरली आणि मी पुन्हा नापास झालो. मग मी तुझ्याबद्दल विचारलं. कोणाचा मुलगा, म्हणाल्या. बहिणीचा, म्हटलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे आईकडून मुलाकडे येतं. माझ्या आईकडून मला आलं, तसंच ताईलाही आलं असणार, पण तिला त्याचा काही त्रास नाही. तिला सगळे रंग दिसतात, ती फक्त पुढे मुलाला देते. श्रुतिकाकडेही माझं गेलेलंच आहे. औषध नाही. रंगीत काचांचे चष्मे मिळतात, पण विमानवाले ते चालवून घेत नाहीत. दोष थोडा असेल तर दिव्यांची आणखी एक चाचणी असते आणि काही मुलं त्यातून निघतात. मी विचारलं, माझ्याइतका असेल तर? त्या म्हणाल्या, "तुमच्याइतका असेल तर नाही, काका." त्यांच्या आवाजात दया होती. परतीच्या बसमध्ये सगळी वाट मला फक्त तो आवाज ऐकू येत होता.

मी देवाकडे हट्टाने काही मागितलेलं नाही. रेल्वे गेली तेव्हाही नाही. या आठवड्यात रोज समई लावतो, हात जोडतो, आणि मागायला शब्द सापडत नाहीत. ज्याचा निकाल तू जन्मायच्या आधीच लागून गेला आहे, त्यासाठी काय मागायचं? तुला दिव्यांच्या चाचणीपुरतं तरी दिसो, एवढं काल म्हटलं. म्हणताना माझाच त्यावर विश्वास बसला नाही. चौकोनांत तू माझ्यापेक्षा एकही जास्त ओळखला नव्हतास.

काल दिवसभर विचार केला की गप्प बसावं. सोमवार होऊ दे. बाकी सगळ्यांत तू पहिला येशील याबद्दल मला शंका नाही. ताईने सत्यनारायण बोललेला आहे, तो होईल, बुवा पखवाज घेऊन बोरिवलीला येतील. महिना-दोन महिने घर आनंदात राहील, आणि मग एक दिवस अनोळखी माणूस तुझ्यासमोर पुस्तक उघडेल. मी तिथे उभा राहून आलो आहे. घरच्या माणसाने आधी सांगितलं असतं तर मला कमी लागलं असतं, असं नाही. पण मागे वळून बघायची पाळी आली नसती. आणि दुसरं म्हणजे, अंधेरीच्या त्या कार्गो कंपनीच्या नोकरीला तू शनिवारी संध्याकाळी नकार कळवणार आहेस. "दोन दगडांवर पाय नको, मामा," म्हणालास. बाळा, एक दगड बहुतेक नाहीच आहे.

डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी सकाळी तुझं नाव दिलं आहे. मी मुलुंड स्टेशनबाहेर तिकीट खिडकीपाशी उभा असेन. आलास तर आपण आत जाऊ. नाही आलास तर मी समजेन, सोमवारी तू खुशाल जा, मी एक शब्द काढणार नाही. पण एवढ्यासाठीच असतं तर मी कसंही करून फोनवर सांगितलं असतं. लिहायला बसलो तो ताईसाठी. माझ्याबरोबर नाही तर एक दिवस एकटा तू तपासायला जाशीलच, डॉक्टर तुला आईकडून मुलाकडे कसं येतं ते समजावतील, आणि तू भाबडेपणाने घरी येऊन जेवताना ते सांगशील. ते सांगू नकोस. भावोजींच्या तोंडी ते एकदा बसलं की ताईला मरेपर्यंत ऐकावं लागेल की पोराचं विमान तिने खाली पाडलं, आणि ती तेही हसत ऐकून घेईल, कारण तिला ते खरं वाटेल. कोणी विचारलं तर मामावर गेलो म्हण. त्यात खोटं काही नाही. शिवाच्या डोळ्यांना नावं ठेवायची सगळ्यांना सवय आहे, त्यात आणखी एक खपून जाईल. तुझ्यासाठी माझ्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, सुयोग. तिच्यासाठी एवढंच आहे, आणि ते तुझ्या हातात आहे.

तुझाच,
शिवामामा